बारा मिलिमीटरांची भेग

गेल्या भाद्रपदात कनिष्ठा महालक्ष्मी पाऊण बोट डावीकडे कलली होती. देवीने कोणत्या बाजूला कलावे हा तिचा अधिकार आहे, हे लक्ष्मीकांतरावांना मान्य होते; परंतु ते कलणे त्यांच्या धाकट्या भावजयीने पाहिले, आणि पाहून ती बोलली, हे मात्र त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

"ताई, फरशी किती खचलीय हो," भावजय निवेदिता त्यांच्या पत्नीला, सुलभाताईंना, म्हणाली होती. "पुढच्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडे पुण्याला बसवायच्या का? हॉल मोठा आहे. वुडन फ्लोअर आहे, अगदी लेव्हलमध्ये."

तिचा नवरा, म्हणजे लक्ष्मीकांतरावांचा धाकटा भाऊ गंधार, यानेही मान डोलवली. गंधारची मान लग्नापासून एकाच दिशेने डोलत असे. त्या दिवशी सुलभाताईंच्या हातून कढीत मीठ दोनदा पडले. पाहुणे गेल्यावर त्या ओट्यावर बसून एवढेच म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं झाली मला या घरी. त्या दोघी गेल्या तर भाद्रपदात मी करायचं काय?"

लक्ष्मीकांतराव जिल्हा कचेरीत अव्वल कारकून होते. मसुदा निर्दोष असला की काम आपोआप निर्दोष होते, या श्रद्धेवर त्यांनी एकतीस वर्षे नोकरी काढली होती, आणि काम सदोष निघाले की मसुदा पुन्हा वाचून तो निर्दोषच असल्याची खात्री करून घेतली होती. त्यांनी तत्क्षणी घोषणा केली की येत्या भाद्रपदापूर्वी दिवाणखान्यातील शहाबादी फरशीवर लाकडी जमीन घातली जाईल, आणि ती ते स्वतः घालतील. 'स्वतः' या शब्दावर त्यांनी जो जोर दिला, तो शेजारच्या उत्तमरावांच्या घरापर्यंत पोचला. तेथून पुढे गल्लीत पोचवण्याचे काम उत्तमरावांनी केले.

ही जमीन साधी नव्हती. लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या फळ्या. खाली फोमची शीट. फळीच्या खाचेत पुढच्या फळीची जीभ अडकवायची. ना खिळा, ना खालच्या फरशीला डिंक. सारी जमीन एकसंध होऊन नुसती टेकलेली राहते. म्हणून तिला तरंगती जमीन म्हणतात.

"तरंगती?" निवृत्त ग्रामसेवक उत्तमराव म्हणाले. "म्हंजे पूर आला तं आपण सोप्यासकट वाहून जातो का बाप्पा?"

"बुलढाणा घाटमाथ्यावर आहे," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "येथे पूर येत नाही."

"येत नाही म्हणूनच इचारलं. मंग तरंगती कायले पाह्यजे?"

या प्रश्नाला उत्तर होते, परंतु ते बावीस मिनिटांचे होते आणि उत्तमराव चौथ्या मिनिटाला दूध आणायला गेले.

फळ्यांची खोकी खामगावच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आली. लक्ष्मीकांतराव भाड्याचा छोटा टेम्पो घेऊन स्वतः गेले. माल सुखरूप मिळाला. परतताना घाटातल्या वनखात्याच्या नाक्यावर टेम्पो थांबला. तेथे गजेंद्र नावाचा तरुण रक्षक होता. त्याने काठीने ताडपत्रीला टोचले.

"काय हाय यात?"

"फरशी," टेम्पोवाला म्हणाला.

येथे प्रसंग संपत होता. गजेंद्रचा हात आडव्या बांबूच्या दोरीकडे गेलाही होता. परंतु लक्ष्मीकांतरावांच्या देखत एखाद्या वस्तूला चुकीचे नाव मिळावे, हे त्यांच्या प्रकृतीला सोसत नसे.

"फरशी नव्हे," ते खिडकीतून म्हणाले. "लाकूड."

टेम्पोवाल्याने त्यांच्याकडे पाहिले. माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासाठी धोंडा शोधत फिरताना त्याने यापूर्वी पाहिला नसावा.

"लाकूड हाय तं परवाना?" गजेंद्रने विचारले.

"प्रक्रिया केलेल्या लाकडास वाहतूक परवाना लागत नाही. हे थर देऊन बनवलेले लाकूड आहे."

"पण लाकूड हाय ना?"

"आहे. परंतु ज्या अर्थाने आपण म्हणता..."

"हाव, बस. मंग परवाना."

अडीच तास गेले. शेवटी एक खोके फोडण्यात आले. गजेंद्रने फळीवर बोटाने ठोकले आणि उदारपणे म्हणाला, "अरे, हे तं प्लायवूड हाय. जाऊ द्या."

"प्लायवूड?" लक्ष्मीकांतराव टेम्पोतून खाली उतरले. पाच खोक्यांच्या किमतीचा माणसाला जो अभिमान असतो तो दुखावला गेला होता. "महोदय, प्लायवूड आणि हे यांत मूलभूत भेद आहे."

टेम्पोवाल्याने त्यांचा दंड धरला. "काका, तुम्ही जरा तिकडं झाडामांगं जाऊन या."

"मला आवश्यकता नाही."

"मले हाय. तुम्ही जा."

ते परतले तेव्हा बांबू वर होता, आणि गजेंद्र त्यांच्याकडे ज्या करुणेने पाहत होता, तिचा अर्थ त्यांनी लावला नाही.

पुढचे दोन दिवस खोकी दिवाणखान्यात उघडी ठेवून काहीच करायचे नव्हते. खोक्यातून निघालेल्या इंग्रजी पुस्तिकेचा तसा आदेश होता: लाकडाला घरातल्या हवेची सवय होऊ द्यावी. सुलभाताईंनी खोक्यांना वळसा घालत स्वयंपाकघरात ये-जा केली. उत्तमराव दोनदा येऊन पाहून गेले.

"अठ्ठेचाळीस तास? नव्या सुनंले बी इतकी सवलत नसते, वहिनी."

पुस्तिकेचे भाषांतर लक्ष्मीकांतरावांनी रजा टाकून केले. ते सुवाच्य अक्षरात, दहा कलमांत, दिवाणखान्याच्या भिंतीवर डकवण्यात आले. सातवे कलम त्यांनी चार वेळा पुन्हा लिहिले, आणि शेवटच्या पाठाविषयी त्यांना वाजवी अभिमान होता: 'चतुर्दिक भित्तिसन्निध द्वादश मिलिमीटर परिमित परिघीय विस्तारावकाश सर्वकाळ अबाधित राखण्यात यावा.' अर्थ इतकाच होता की भिंतीलगत चारी बाजूंनी बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडा, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि फुगण्याला जागा लागते. हा अर्थ कलमात कोठेही लपलेला नव्हता. तो फक्त एकदम दिसत नव्हता.

काम सुरू झाले, आणि त्याच सकाळी देऊळघाटचे सुतार पुंजाजी येऊन ओट्यावर बसले. या घराचा देव्हारा, पाट, दारे, सगळे पुंजाजींच्या हातचे. त्यांना बोलावण्यात आले नव्हते. त्यांनी पानपुडी काढली, सुपारी कातरली आणि खिडकीतून आत पाहू लागले. उत्तमराव सल्ले देत. त्यांना उत्तर देता येई. पुंजाजी काहीच म्हणत नसत. आठ दिवस हा मनुष्य काहीच म्हणाला नाही. टीकेला प्रत्युत्तर असते. सुपारी कातरण्याच्या आवाजाला लक्ष्मीकांतराव काय उत्तर देणार?

फळ्या बसू लागल्या. ठोकळा लावून हातोडीने हलकेच ठोकले की कट् असा आवाज होई आणि फळी फळीत जाई. या आवाजाने लक्ष्मीकांतरावांच्या चेहऱ्यावर जो संतोष उमटे, तो त्यांच्या विवाहाच्या छायाचित्रात नाही. आठव्या दिवशी मात्र असे आढळले की जमीन वर आल्यामुळे पुढचे दार उघडत नाही. ते आत उघडणारे होते आणि लक्ष्मीकांतराव, सुलभाताई व सल्ला द्यायला आलेले उत्तमराव तिघेही आत होते.

दार बिजागऱ्यांवरून सोडवण्यात आले. खालून किती कापायचे याची खूण पेन्सिलीने करण्यात आली, ती दोनदा मोजण्यात आली. मग दार दोन स्टुलांवर आडवे ठेवले, आणि ठेवताना उत्तमरावांनी मदत केली. या मदतीत दाराची दिशा बदलली. लक्ष्मीकांतरावांनी अत्यंत सरळ रेषेत दार वरून कापले.

बसवल्यावर वरून आकाश दिसू लागले, आणि खाली ते पूर्वीइतकेच घट्ट राहिले. म्हणून खालूनही कापण्यात आले.

पुंजाजींनी सुपारी गालात सरकवली. आठ दिवसांत ते पहिल्यांदा बोलले. "दरवाजा मोकळा झाला, साहेब. दोन्हीकडून."

त्या रात्री शेजारचे मांजर वरून आले आणि खालून गेले.

रविवारी जमीन पूर्ण झाली. लक्ष्मीकांतरावांनी पाणसळ चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध उभा होता, जणू त्यालाही हलण्याची परवानगी नव्हती. आता भिंतीलगतची मोकळी जागा झाकणारी स्कर्टिंगची पट्टी तेवढी चिकटवायची राहिली. सोमवारी कचेरीत तातडीची बैठक होती. ते गेले.

परतले तेव्हा पट्टी चारही भिंतींना बसलेली होती. सरळ, कोपरे जुळलेले. सुलभाताई आणि शेजारची छाया पदराने हात पुसत उभ्या होत्या.

"हे तुम्ही केलेत?"

"तुम्हाला दोन दिवसांत बाकीचं आवरायचं, म्हटलं आपण उरकून टाकू," सुलभाताई म्हणाल्या. "आणि अजून एक..."

"सुलभा," लक्ष्मीकांतराव म्हणाले, "काम उत्कृष्ट झाले आहे."

अठ्ठावीस वर्षांत हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला होता. सुलभाताईंचे पुढचे वाक्य राहून गेले. कुठलीही बाई अशा वेळी वाक्य पुरे करीत नाही.

मंगळवारी, महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी, लक्ष्मीकांतराव कचेरीत असताना घर धुण्यात आले. महालक्ष्म्या यायच्या तर घर धुवायचेच. दिवाणखान्याला तीन बादल्या लागल्या. छायाने नंतर अभिमानाने सांगितले की लाकूड असे चमकले की त्यात तोंड दिसावे.

बुधवारी संध्याकाळी गंधार आणि निवेदिता पुण्याहून आले, आणि वाजतगाजत, कुंकवाच्या पावलांवरून ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरात आल्या. गहू भरलेल्या दोन लोखंडी कोठ्यांवर मुखवटे चढले, साड्या नेसवल्या, वर फुलोरा टांगला. मागे आणि दोन्ही बाजूंना जरीच्या साड्यांचे पडदे लागले. आता तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर निरोप देईपर्यंत कोठीला हात लावायचा नाही, हा या घरचा कडक नियम. हात लावण्याचा संभव राहू नये म्हणून लक्ष्मीकांतरावांनी आधीच दोन्ही कोठ्यांवर पाणसळ ठेवून निवेदिताला दाखवली होती.

"छान झालंय, दादा," निवेदिता म्हणाली. 'छान' हा शब्द पुण्यात किती अर्थांनी वापरतात याची लक्ष्मीकांतरावांना कल्पना होती. मग रात्री स्वयंपाकघरात पुरण वाटताना ती सुलभाताईंना हळूच म्हणाली, "तरी पुढच्या वर्षीचं आपण बोलायचं हं, ताई." सुलभाताईंनी पुरणाचा गोळा बराच वेळ त्याच जागी वाटला.

सकाळी सात वाजता पुरणपोळ्यांना मदत करायला आलेली छाया दिवाणखान्यात शिरली आणि तेथेच थांबली.

"माय वो," ती म्हणाली. "दोघी बहिणींनं एकमेकींकून तोंडं फिरवली."

तसेच झाले होते. दाराकडून मागच्या भिंतीपर्यंत, बरोबर दोघींच्या मधून, जमिनीला चांगला तीन बोटे उंच वरंबा आला होता. वरंब्याच्या अलीकडे ज्येष्ठा डावीकडे कलली होती, पलीकडे कनिष्ठा उजवीकडे. दोघी सख्ख्या बहिणी भर सणाच्या दिवशी एकमेकींचे तोंड पाहायला तयार नव्हत्या.

साडेसातपर्यंत गल्ली आली. साडेआठपर्यंत शेजारच्या दोन गल्ल्या आल्या. उत्तमरावांनी दारात उभे राहून बायकांना रांगेत घेतले. त्यांच्या नोकरीत रांगा आल्या होत्या.

"घरात वाटणीची गोष्ट निघाली असंल," एक बाई म्हणाली. "देवीले समजते."

"देव्हाऱ्याची वाटणी करते कोणी?" दुसरी म्हणाली. सुलभाताईंनी निवेदिताकडे पाहिले नाही. पाहण्याची गरज उरली नव्हती. बाकी सगळे पाहत होते.

निवेदिता मात्र सरळ लक्ष्मीकांतरावांकडे आली. "दादा, हे देवीचं नाही. हे तुमच्या फ्लोअरचं आहे. तुम्हीच बघा, त्यांना इथे नीट उभंही राहता येत नाही."

आता लक्ष्मीकांतरावांची अवस्था विचारात घ्यावी. घरात शंभर माणसे होती आणि त्यांतील नव्याण्णव अडाण्यासारखे बोलत होती. शास्त्रशुद्ध बोलणारी एकच होती, आणि तिचे म्हणणे खोडून काढणे त्यांना भाग होते. कारण ते खरे ठरले की महालक्ष्म्या पुण्याला गेल्या. आयुष्यभर सत्याची बाजू घेऊन हरत आलेल्या माणसाला सत्याच्या विरुद्ध बाजूने जिंकण्याची वेळ यावी, याहून मोठा अपमान नव्हता.

"तपासून सांगतो," ते म्हणाले, आणि जरीच्या पडद्यामागे शिरून उजव्या भिंतीची पट्टी उचकटली. मोकळी जागा नव्हती. जागेत पांढरे सिमेंट होते, गुळगुळीत, थापीने सारखे केलेले.

त्यांनी सुलभाताईंना पडद्यामागे बोलावले. "हे कोणी भरले?"

"मी. आणि छायाने." त्यांचा आवाज खाली आला. "लक्ष्मी घरात यायची आणि घराला चारी बाजूंनी भेग? आपल्याकडे भिंतीतली चीरसुद्धा बुजवून मग त्यांना आणतात. तुमच्या आजीपासून हेच आहे. मी सांगणार होते, पण तुम्ही त्या दिवशी..."

"सातवे कलम भिंतीवर होते."

"तीनदा वाचलं ते. त्यात भेग असा शब्द कुठंच नव्हता."

लक्ष्मीकांतरावांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, आणि भिंतीवरचे सातवे कलम पडद्याच्या फटीतून त्यांना दिसले. त्यांनी तोंड मिटले.

"त्या जातील हो," सुलभाताई म्हणाल्या. "माझ्याच हातानं घालवल्या मी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्या पाण्याला मसुदा नव्हता. लक्ष्मीकांतराव पडद्यातून बाहेर पडले, गर्दीतून वाट काढत ओट्यावर गेले आणि पुंजाजींसमोर उभे राहिले.

"पुंजाजी, एका तांत्रिक बाबतीत आपला अभिप्राय अपेक्षित आहे."

"सिमेंट फोडाले येऊ का?"

"आपल्याला ठाऊक होते?"

"सोमवारी बायांनं भरलं तवा मी इथंच बसलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

पुंजाजींनी सुपारी थुंकली. "तुम्ही मले इचारलं कवा, साहेब?"

कोठीला हात लावायचा नव्हता, आणि गर्दीला काही कळू द्यायचे नव्हते. पुंजाजींनी पिशवीतून छिन्नी काढली आणि विचारले, "आरती कवा हाय?"

बारा वाजता सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवला आणि आरती सुरू झाली. पडद्यामागे पुंजाजी गुडघ्यांवर बसले. शेजारी लक्ष्मीकांतराव निघालेले तुकडे ओंजळीत गोळा करीत होते. छिन्नीचा घाव झांजेबरोबर पडायला हवा होता. झांज उत्तमरावांकडे होती, आणि उत्तमरावांना ताल नसल्यामुळे काम लांबले.

"कोण वाजवते बे हे," पुंजाजी पुटपुटले. "एक धड ठोका देत नाही."

गणपतीची आरती झाली, देवीची झाली, शंकराची झाली. अजून दोन हात सिमेंट उरले होते. लक्ष्मीकांतरावांनी पडद्यातून डोके काढून जाहीर केले, "विठ्ठलाचीही होऊ द्या." मग दत्ताची झाली. मग दशावतारांची. मागे लहान मुले पोळीकडे पाहत रडकुंडीला आली. गंधारने घड्याळ पाहिले. मंत्रपुष्पांजलीला पुरोहित नसल्याने लक्ष्मीकांतराव पडद्याआडूनच खणखणीत आवाजात म्हणू लागले, आणि दुसरा मंत्र संपताना पुंजाजींनी शेवटचा घाव घातला.

आधी काहीच झाले नाही. मग साऱ्या जमिनीने श्वास सोडल्यासारखे केले, उजवीकडे पाऊण बोट सरकली, आणि वरंबा कट् असा आवाज करीत खाली बसला. तोच आवाज. दोन्ही कोठ्या हलल्या, मुखवट्यांवरचे मोती किणकिणले, आणि ज्येष्ठा व कनिष्ठा सरळ उभ्या राहून समोर पाहू लागल्या.

उत्तमरावांच्या हातातली झांज तशीच राहिली.

निवेदिताने हात जोडले. तिने एकवार सुलभाताईंकडे पाहिले. सुलभाताई डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होते. "राहू द्या, ताई," निवेदिता म्हणाली. "इथेच राहू द्या त्यांना."

बायकांनी कपाळाला हात लावले. उत्तमरावांनी वळून पडद्याशी उभ्या असलेल्या लक्ष्मीकांतरावांना गाठले. "साहेब, तुम्ही शिकेल माणूस. तुम्हीच सांगा, हे कसं झालं?"

हा तो प्रश्न होता ज्याची लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. शंभर माणसे ऐकायला उभी होती. उत्तर तयार होते, कलमवार. त्यांनी सुलभाताईंकडे पाहिले.

"मी आरतीत होतो," ते म्हणाले.

गल्लीत त्यांची प्रतिष्ठा त्या दिवसापासून वाढली, आणि ती ज्या कारणाने वाढली ते कारण ऐकून त्यांना जेवण जात नसे. तीन घरांनी तशाच जमिनीची मागणी केली. छायाने भेग बुजवल्याचे ऐकून एकाने विचारले की पांढरे सिमेंट आधी भरायचे की मागाहून.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, महालक्ष्म्यांना निरोप दिला गेला. गंधार गाडीत सामान ठेवत होता. निवेदिता लक्ष्मीकांतरावांच्या पाया पडायला आली आणि हळूच म्हणाली, "दादा, आरतीनंतर तुमच्या केसांत पांढरं सिमेंट होतं."

लक्ष्मीकांतरावांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

"आमचं फ्लोअर बसवलं तेव्हा माणसाने बजावून सांगितलं होतं, कडेची जागा बुजवू नका म्हणून. मी काल मागे जाऊन बघून आले."

"मग आपण 'इथेच राहू द्या' असे म्हणालात कसे?"

"ताईंचं तोंड पाहिलं." तिने गाडीपाशी उभ्या गंधारकडे पाहिले. "आणि पुण्यात सोळा भाज्या चिरणार कोण, दादा? हे यांचं खूळ होतं, मी नुसतं बोलत होते."

अर्थात चमत्कार नव्हता, आणि विजयही नव्हता. धाकट्या भावजयीने घातलेली भीक होती. लक्ष्मीकांतरावांनी हे पचवण्याचा प्रयत्न केला. मग त्यांच्या लक्षात आले की आपल्यासमोर एक मनुष्य उभा आहे, ज्याला ती मोकळी जागा म्हणजे काय ते कळते. संबंध बुलढाण्यात नसेल असा.

"ते असे आहे," ते म्हणाले, "की थर दिलेले लाकूड लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगते. त्यात तीन बादल्या पाणी पडलेले. सातव्या कलमात मी..."

गंधारने गाडी सुरू केली. मग बंद केली. मग हॉर्न वाजवला. निवेदिता मान डोलवत होती. वरून आणि खालून उजेड येणाऱ्या त्या दारात सुलभाताई आल्या.

"अहो, जाऊ द्या तिला आता. नाहीतर पुढच्या वर्षी ती यायची नाही."

निवेदिता गाडीत बसली. काच वर जाऊ लागली तसे लक्ष्मीकांतराव गाडीबरोबर चार पावले चालले.

"म्हणजे बारा मिलिमीटर, दादा," ती आतून म्हणाली.

"बारा," ते म्हणाले. "दहाही चालतात. पण बाराच बरे."